मॉडेल रेल्वेचं वायरिंग: आधी तारा, मग खडी

इंजिन स्टेशनात जोरात पळतं आणि पलीकडच्या वळणावर गेलं की दम टाकतं. सांधा, म्हणजे गाडीला दुसऱ्या मार्गावर नेणारा रुळांचा भाग, वळवला की सगळ्या लेआउटची वीज जाते. सांध्याची मोटर दोन दिवस चालली आणि तिसऱ्या दिवशी जळका वास आला. कोल्हापुरात हा नाद असलेल्यांच्या घरी मी मल्टिमीटर घेऊन जातो तेव्हा या तीनपैकी एक तक्रार असतेच. बहुतेक ठिकाणी इंजिन चांगलं असतं, कंट्रोलर चांगला असतो, रूळही चांगले असतात. चुकलेला असतो तो कामाचा क्रम. आधी रूळ, मग खडी, मग डोंगर आणि घरं, आणि शेवटी ‘आता तारांचं बघू’. पण खडी गोंदाने घट्ट बसली की रुळाच्या बुडाला सोल्डर लावायला जागाच उरत नाही.

उदाहरणाला आठ बाय चार फूट प्लायवरचा एचओ मापाचा लेआउट धरू. म्हणजे १:८७ प्रमाण आणि रुळांमधलं अंतर १६.५ मिमी. एक बंद फेरा, त्यावर रुकडीसारखं छोटं स्टेशन, तिथे गाड्यांच्या क्रॉसिंगसाठी दोन सांध्यांची लूप आणि मालगाडीची एक सायडिंग. एकूण तीन सांधे. तुमचा लेआउट ९ मिमीच्या एन मापाचा असला तरी वायरिंगचा क्रम हाच.

## काम सुरू करण्याआधी

घरगुती वायरिंगची १.५ चौ. मिमी तांब्याची मल्टिस्ट्रँड वायर दोन रंगांत घ्या. ही मुख्य लाइन. रुळापासून खाली येणाऱ्या तारांसाठी ०.५ चौ. मिमीची वायर त्याच दोन रंगांत, आणि सांध्यांसाठी तिसऱ्या रंगाची थोडी. मी लाल, काळा आणि पांढरा वापरतो. हिरवा रंग घरात अर्थिंगचा असतो, तो लेआउटवर कशालाच वापरत नाही.

सोल्डरिंग गन ४० ते ६० वॅटची आणि टोक रुंद असलेली हवी. रेडिओच्या कामाची २५ वॅटची गन इथे जास्त नुकसान करते. रूळ उष्णता ओढून घेतो, टाका लवकर वितळत नाही, तुम्ही गन धरून बसता आणि तेवढ्यात खालचे प्लॅस्टिकचे स्लीपर वाकतात. गरम गनने दोन-तीन सेकंदांत काम उरकलं पाहिजे.

मल्टिमीटर बीप देणारा हवा, म्हणजे दोन जागा विजेने जोडलेल्या असल्या की वाजणारा. कनेक्टर पट्टी, स्ट्रिपर, कानशीचा बारीक संच, ३ मिमीचा ड्रिल, प्लॅस्टिकचे इन्सुलेटेड जॉइनर आणि डोळ्यांना गॉगल. गॉगल सोडू नका. लेआउटखाली झोपून सोल्डर करताना थेंब सरळ तोंडावर येतो. त्याहून बरं म्हणजे फ्रेम हलकी ठेवा आणि वायरिंगच्या दिवशी ती भिंतीला उभी टेकवून बसून काम करा.

या तीन गोष्टी वापरू नका. पहिली, पत्रा आणि रेडिएटर झाळायला वापरतात ते ॲसिड. टाका झटकन बसतो, पण पुढच्या पावसाळ्यापर्यंत तो हिरवा पडून तुटतो. राळेचा फ्लक्स असलेली ६०/४० सोल्डर वायर पुरते. दुसरी, मोटार वायंडिंगची तार. आपल्या गावात ती सहज हाताला लागते, उद्यमनगरात ओळख असली तर फुकटही मिळते. पण तिच्यावर लॅकरचा थर असतो. तो पूर्ण खरवडला नाही तर टाका वरून चकचकीत दिसतो आणि आत वीज जात नाही. तिसरी, जुन्या कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय. त्याची १२ व्होल्टची लाइन दहा-पंधरा अँपिअर सहज देऊ शकते. रुळावर गाडी घसरून शॉर्ट झालं तर तो लगेच बंद पडत नाही, आधी तुमची बारीक तार लाल होते. लॅपटॉपचा १९ व्होल्टचा चार्जरही एचओच्या १२ व्होल्टच्या इंजिनाला नको.

२३० व्होल्टची एकही वायर लेआउटखाली जाता कामा नये. ॲडॅप्टर किंवा कंट्रोलर भिंतीच्या प्लगपाशी ठेवा, तिथून पुढे फक्त कमी व्होल्टेज.

## टप्पा १: कागदावर दोन्ही रूळ काढा

नकाशात रूळमार्ग एका रेघेने काढतात. वायरिंगसाठी दोन रेघा हव्यात, प्रत्येक रूळ वेगळा. बाहेरचा रूळ लाल पेन्सिलीने, आतला काळ्या. सांध्यातूनही दोन्ही रंग नेत चला. फेरा पुरा झाल्यावर लाल रेघ कुठेही काळ्याला जाऊन मिळता कामा नये. मिळाली तर तिथे बलून लूप किंवा त्रिकोण आहे, म्हणजे गाडी उलटी फिरून त्याच मार्गावर परत येते. त्याचं पुढे टप्पा ७ मध्ये बघू, पण तो आहे हे आज, कागदावरच कळायला हवं.

मग तीन खुणा करा. जिथे रूळ तोडायचा तिथे आडवी रेघ, जिथे तार खाली जायची तिथे टिंब, आणि प्रत्येक टिंबाला क्रमांक. सायडिंगच्या तोंडाशी दोन्ही रूळ तोडा. एकच तोडूनही काम भागतं, पण उद्या साधी डीसी सोडून डीसीसी (प्रत्येक इंजिनाला वेगळा डिजिटल हुकूम देणारी पद्धत) घ्यायचं ठरलं तर दोन्ही तोडलेले बरे. सायडिंगच्या लाल तारेत साधा ऑन-ऑफ स्विच टाकला की तिथे उभं केलेलं इंजिन बाकीच्या गाडीबरोबर चालू लागत नाही.

टिंबं किती? माझा नियम: रुळाच्या प्रत्येक तुकड्याला स्वतःची तार. तीन फुटांचा, हवा तसा वाकणारा फ्लेक्स रूळ असो की चार इंचांचा तुकडा. सुरुवातीला हे जास्त वाटतं. पण दोन रूळ जोडणारा पत्र्याचा जॉइनर रूळ सरळ रेषेत धरण्यासाठी असतो, वीज वाहण्यासाठी त्याच्यावर विसंबू नका. नवा असतो तेव्हा घट्ट असतो. वर्षभरात सैल होतो, आत काळा थर बसतो, आणि वीज जाते तीही धरसोड करत.

राजारामपुरीतल्या एका मित्राच्या लेआउटवर इंजिन चालू असताना मी मोजलं. कंट्रोलरपाशी ११.८ व्होल्ट, समोरच्या वळणावर ८.९. मध्ये सात जॉइनर आणि एकही तार नाही. एक जॉइनर पकडीने काढला तर आतून काळा ठिक्कर, कडेला हिरवट भुकटी. इंजिन दुरुस्तीला पाठवायचं त्याने नक्की केलं होतं. चार तारा टाकल्या आणि तेच इंजिन त्याच वळणावर नीट चाललं.

## टप्पा २: सांधे टेबलावर असतानाच तयार करा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून हा टप्पा सावकाश करा.

सांध्यात दोन रूळ एकमेकांना छेदतात त्या टोकदार भागाला फ्रॉग म्हणतात. काही सांध्यांत तो प्लॅस्टिकचा असतो. त्याला तार लागत नाही, पण तेवढ्या जागेत वीजही नसते. लांब डिझेल इंजिन निघून जातं, चार चाकांचं छोटं शंटर तिथे अडकतं. दुसऱ्या प्रकारात फ्रॉग धातूचा असतो. त्यावर इंजिन अडखळत नाही, पण सांधा वळला की फ्रॉगची बाजूही बदलावी लागते. मी धातूचाच घेतो. एकदा नीट केला की पुन्हा बघावं लागत नाही.

धातूच्या फ्रॉगचं काम असं:

1. फ्रॉगमधून पुढे निघणाऱ्या आतल्या दोन्ही रुळांना इन्सुलेटेड जॉइनर लावा. दोन्हींना. एकाच बाजूला लावून दुसरी राहिली की पलीकडच्या तारेतून उलटी वीज फ्रॉगमध्ये येते आणि सांधा वळवल्याक्षणी शॉर्ट.
2. फ्रॉगखाली कंपनीची बारीक तार असते, तिला पांढरी वायर जोडा. नसेल तर फ्रॉगच्या बुडाला टाका द्या.
3. बाहेरच्या दोन्ही मुख्य रुळांना लाल आणि काळी तार, पात्यांच्या (सांधा वळवला की सरकणाऱ्या टोकदार रुळांच्या) टोकाच्या बाजूला.
4. पाती हलवणाऱ्या दांड्याखाली प्लायमध्ये पडणारं भोक आत्ताच आखा. सांधा चिकटवल्यावर ते बरोबर जागी पडत नाही.

फ्रॉग कुठल्या स्थितीत लाल आणि कुठल्या स्थितीत काळा, यात फार गोंधळ होतो. एक गोष्ट लक्षात ठेवा: जे पातं ज्या मुख्य रुळाला चिकटलेलं आहे, फ्रॉगला त्याच मुख्य रुळाची वीज हवी. डावा सांधा असो की उजवा, हे बदलत नाही.

*तपासणी:* सांधा टेबलावर आहे, मोटर नाही, वीज नाही. मल्टिमीटर बीपवर ठेवा. लाल आणि काळ्या मुख्य रुळांत बीप येता कामा नये, सांधा दोन्हीकडे वळवून बघा. मुख्य रूळ आणि त्याची तार यांत बीप आलाच पाहिजे. हे जमल्याशिवाय सांधा लेआउटवर नेऊ नका.

## टप्पा ३: रुळाच्या तारा

रूळ चिकटवण्याआधी त्याच्या बुडाला, दोन स्लीपरच्या मध्ये, कानशीचे चार हात मारा. रूळ निकेल सिल्व्हरचा असतो. नावात सिल्व्हर असलं तरी तो तांबं, निकेल आणि जस्ताचा मिश्रधातू आहे, वर थर बसतोच. घासलेल्या जागी आधी सोल्डरचा पातळ थर द्या. तारेचं टोक पाच मिमी सोलून, पीळ देऊन, त्यालाही थर द्या. मग तार रुळावर टेकवून वरून गन दाबा. दोन्ही थर एकत्र वितळले की गन उचला आणि तार थंड होईपर्यंत हलवू नका. हलली तर टाका करडा आणि दाणेदार दिसतो, तो पुन्हा करा.

रूळ आधीच बसवला असेल तर टाका बाहेरच्या अंगाला द्या. आतल्या अंगाला सोल्डरचा फुगवटा राहिला की चाकाची कड त्यावर चढते आणि गाडी दर फेरीला तिथेच उतरते.

प्रत्येक तार एक फुटाच्या आत ठेवा, ३ मिमीच्या भोकातून खाली सोडा आणि टोकाला कागदी चिकटपट्टीवर क्रमांक लिहा. नकाशावरचाच क्रमांक. हे काम कंटाळवाणं आहे, पण दहाव्या तारेनंतर लाल आणि काळी एवढ्यावर काही समजत नाही.

*तपासणी:* तार ओढून बघा, हलक्या हाताने पण खरंच ओढून. नुसता चिकटलेला टाका आत्ताच सुटू दे.

## टप्पा ४: मुख्य लाइन

१.५ चौ. मिमीच्या लाल आणि काळ्या वायरी फ्रेमच्या खालून, रुळाच्या मार्गानेच न्या. त्यांचा फेरा पूर्ण करू नका. घोड्याच्या नालासारख्या दोन्हीकडे उघड्या ठेवा आणि टोकं कनेक्टर पट्टीत बंद करा. पुढे कधी शॉर्ट शोधायची वेळ आली तर उघडी लाइन अर्ध्यात तोडून तपासता येते.

जाड वायर कशाला, असं हमखास विचारतात. पाच मीटरची लाइन म्हणजे जाऊन-येऊन दहा मीटर तांबं. १.५ चौ. मिमीला याचा रोध साधारण ०.१२ ओहम, म्हणजे दोन अँपिअरला पाव व्होल्टही जात नाही. ०.१४ चौ. मिमीच्या रिबन केबलला तोच सव्वा ओहमच्या घरात जातो आणि अडीच व्होल्ट तारेतच संपतात.

रुळाच्या तारा मुख्य लाइनला जोडताना एका वेळी एकच जोडा. प्रत्येक जोडणीनंतर लाल आणि काळ्यात बीप येतो का बघा. आला तर चूक याच तारेत आहे, शोधायला लागत नाही. सगळ्या अठरा तारा जोडून मग बीप ऐकला तर अठरा जागा उकलाव्या लागतात.

*थांबा:* बीपची तपासणी करताना रुळावर इंजिन, दिव्याचा डबा, काहीही नको, आणि कंट्रोलरही सोडवलेला हवा. इंजिनाच्या मोटरीतून मीटरला वाट मिळते आणि नसलेला शॉर्ट दिसतो.

## टप्पा ५: पहिल्यांदा वीज

कंट्रोलर जोडा, वेग अर्ध्यावर, रूळ रिकामे. ओव्हरलोडचा दिवा लागला नाही तर दोन रुपयांचं नाणं घ्या आणि दोन्ही रुळांवर क्षणभर आडवं टेकवा. कंट्रोलरने लगेच वीज तोडली पाहिजे. दर दोन फुटांवर हे करा, लूपमध्ये आणि सायडिंगमध्येही. एखाद्या जागी नाणं टेकवूनही काही झालं नाही, तर तिथे तार पोचलेली नाही किंवा टाका कच्चा आहे. खऱ्या शॉर्टच्या वेळी ती जागा गरम होत राहील. ही तपासणी ओव्हरलोड संरक्षण असलेल्या कंट्रोलरवरच करा, साध्या ॲडॅप्टरवर नाही.

मग इंजिन पूर्ण वेगात फिरवत मीटरने कंट्रोलरपाशी आणि सगळ्यात लांबच्या रुळावर व्होल्टेज बघा. फरक अर्ध्या व्होल्टच्या आत हवा.

खडी अजून नाही.

## टप्पा ६: सांध्यांच्या मोटरी

रुळाच्या विजेवर सांध्यांच्या मोटरी चालवू नका. त्यांना वेगळा सप्लाय द्या. नाहीतर सांधा वळताना गाडी गचका खाते, आणि गाडी घसरून शॉर्ट झालं की सांधाही हलत नाही.

दोन कॉइलची मोटर. तीन तारा: एक सामाईक, एक सरळ बाजूची, एक वळणाची. या कॉइलना वीज क्षणभरच लागते. म्हणून बटण दाबून सुटणारं हवं, किंवा स्प्रिंगने मध्ये परत येणारा टॉगल. घरातल्यासारखा ऑन-ऑफ स्विच लावला आणि तो चालू राहिला की कॉइलमधून वीज वाहत राहते आणि मिनिटाभरात ती जळते. सुरुवातीला सांगितलेला वास याचाच. बटण कधीतरी अडकतंच, म्हणून मध्ये कपॅसिटर डिस्चार्ज युनिट टाका. ४७०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आधी भरतो आणि बटण दाबल्यावर एकदम रिकामा होतो. झटका जोरदार मिळतो आणि बटण अडकलं तरी कॉइल वाचते. दोन सांधे लागोपाठ वळवायचे तर मध्ये सेकंदभर थांबा. वीज बंद केल्यावरही तो कपॅसिटर भरलेला असू शकतो, लगेच हात घालू नका.

सावकाश फिरणारी मोटर. टॉर्टॉइजसारख्या मोटरी १२ व्होल्ट डीसीवर चालतात, टोकाला जाऊन थांबतात आणि वीज चालू असली तरी जेमतेम १५ मिलिअँपिअर घेतात. इथे दाबून सुटणारं बटण नको, सहा पायांचा दोन बाजूंचा टॉगल हवा. त्याची जोडणी अशी: टॉगल उलटा धरा, पायांच्या तीन जोड्या दिसतील. मधल्या जोडीला मोटर. वरच्या जोडीला सप्लायचे प्लस आणि मायनस. वरच्या डाव्या पायापासून खालच्या उजव्या पायापर्यंत एक तार, वरच्या उजव्यापासून खालच्या डाव्यापर्यंत दुसरी. या दोन तारा एकमेकींवरून फुलीसारख्या जातात, म्हणून दोन्हींवर स्लीव्ह चढवा. सोललेली तार सोललेल्या तारेला लागली की सप्लाय शॉर्ट.

या मोटरीत फ्रॉगसाठी स्विच आतच असतो. सामाईक पायाला पांढरी तार, एका बाजूला लाल, दुसरीकडे काळी. कॉइलच्या मोटरीला असा स्विच नसला तर बाजूला मायक्रोस्विच बसवा.

*तपासणी:* वीज बंद, बीप चालू. सांधा सरळ ठेवा. चिकटलेल्या पात्याचा मुख्य रूळ आणि फ्रॉग यांत बीप हवा, दुसऱ्या मुख्य रुळाशी नको. मग वळवून उलट बघा. चुकलं असेल तर फ्रॉगच्या स्विचवरची लाल आणि काळी तार आपसात बदला, बाकी कशाला हात लावू नका.

पाच व्होल्टची छोटी सर्व्हो मोटरही चालते आणि स्वस्त पडते. पण तिला कंट्रोलर बोर्ड आणि फ्रॉगसाठी वेगळा रिले लागतो. पहिल्या लेआउटवर मी ती सुचवत नाही.

## टप्पा ७: गाडी उलटी फिरते तिथे

कोल्हापूर स्टेशनात रूळ संपतात. त्याचं मॉडेल करणाऱ्याला दोन वाटा सुचतात. इंजिन सोडवून शेजारच्या रुळावरून दुसऱ्या टोकाला आणलं तर वायरिंगमध्ये काहीच वेगळं करावं लागत नाही, कारण लाल रूळ लाललाच मिळतो. पण गाडी फुग्यासारख्या लूपमधून फिरवून त्याच मार्गावर परत आणली तर लाल रूळ काळ्याला येऊन भिडतो. त्रिकोणातही तेच होतं.

अशा लूपचा एक भाग दोन्ही टोकांना, दोन्ही रूळ तोडून वेगळा काढा. तो भाग तुमच्या सगळ्यात लांब गाडीपेक्षा लांब हवा. धातूच्या चाकांचा शेवटचा डबा एका तुटीवर आणि इंजिन दुसऱ्या तुटीवर एकाच वेळी आलं तर शॉर्ट. त्या भागाला वीज फुलीच्या टॉगलमधून द्या. डीसीवर गाडी आत थांबवा, मुख्य मार्गाची दिशा बदला, मग पुढे काढा. डीसीसीवर ऑटो रिव्हर्सर हे काम स्वतः करतो.

## आता खडी

प्रत्येक सांधा दहा वेळा वळवा, प्रत्येक मार्गावरून सगळ्यात छोटं इंजिन अगदी हळू न्या. कुठेही दिवा मिचकला नाही तर खडी टाका. सांध्याच्या पात्यांपाशी आणि दांड्यापाशी गोंद जाऊ देऊ नका.

त्याआधी तोडलेल्या प्रत्येक जागी प्लॅस्टिकचा तुकडा भरा. जुनं एटीएम कार्ड कापून, घासून, अराल्डाइटने बसवा आणि रुळाच्या आकाराला कानशीने सारखं करा. एप्रिल-मेमध्ये रूळ तापून लांबतो, प्लाय सुकून आकसतो, आणि रिकामी ठेवलेली तूट बंद होते. दोन वर्षं चाललेल्या लेआउटवर मेच्या एका दुपारी अचानक शॉर्ट आला तर आधी या तुटी बघा.

पंचगंगा पात्राबाहेर येते त्या दिवसांत घरातली हवाही ओली असते. प्लायची खालची बाजू आणि कापलेल्या कडा वायरिंगच्या आधीच रंगवून घ्या. जून ते सप्टेंबर लेआउट वापरला नाही तरी आठवड्यातून एकदा इंजिन फिरवा आणि रूळ आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या सुती फडक्याने पुसा. पॉलिश पेपर नको, त्याच्या ओरखड्यांत घाण लवकर बसते.

शॉर्ट शोधायचा झाला तर कंट्रोलर सोडवा, गाड्या उचला, मुख्य लाइन मधल्या कनेक्टर पट्टीवर सोडा आणि दोन्ही अर्ध्यांवर बीप घ्या. ज्या अर्ध्यात बीप आहे तो पुन्हा अर्धा करा. अठरा जोड तारांमधली चुकीची एक तार चार-पाच तपासण्यांत सापडते. मग क्रमांकांचा तो नकाशा काढा आणि सरळ त्या भोकापाशी जा. मी नकाशाची एक प्रत फ्रेमच्या आतल्या बाजूला प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून खिळ्याला अडकवतो.